काळ्या पडद्यावरची चिठ्ठी

बँकेत चेक वटला नाही तर तो नुसता परत येत नाही. त्याच्यासोबत एक चिठ्ठी येते. 'चेक रिटर्न मेमो' हे तिचे नाव. तिच्यावर कारणांची छापील यादी असते आणि लागू असलेल्या कारणापुढे खूण केलेली असते. खात्यात रक्कम अपुरी, सही जुळत नाही, मुदत उलटली, अक्षरी आणि आकडी रकमेत फरक, खातेदाराने रक्कम देणे थांबविले. खाली तारीख आणि सही. परत जाणाऱ्या चेकसोबत निश्चित आणि ग्राह्य कारण लिहून दिलेच पाहिजे, असे क्लिअरिंग हाऊसचे नियमच सांगतात. नोकरीच्या काळात अशा किती चिठ्ठ्यांवर मी सह्या केल्या याची गणती नाही. चिठ्ठी हाती पडलेला माणूस चिडे, ओशाळे, कधी काउंटरवर हातही आपटी. पण पुढे काय करायचे हे त्याला कळलेले असे. सही चुकली असेल तर नवा चेक. रक्कम नसेल तर भरणा.

ज्याच्यावर आज आपले निम्मे व्यवहार चालतात तो संगणक एखाद्या सकाळी उठायचेच नाकारतो, तेव्हा त्याची चिठ्ठी कशी असते? काळा किंवा निळा पडदा आणि त्यावर दोन ओळी. 'ऑपरेटिंग सिस्टीम नॉट फाउंड'. 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. जुन्या यंत्रांवर 'एनटीएलडीआर इज मिसिंग'. हे वाचून घरातला शिकलेला मुलगाही डोके खाजवतो. मग शाळा-कॉलेजची तोंडओळख एवढ्यावरच संगणक वापरणाऱ्याने काय करावे? यंत्र बिघडणारच, त्याबद्दल तक्रार नाही. बिघडल्यावर ते आपल्याशी कोणत्या भाषेत आणि कोणासाठी बोलते, हा प्रश्न आहे. आणि तो वाटतो तेवढा किरकोळ नाही.

एक टेबल, एक यंत्र

मोठ्या शहरातल्या कचेरीत एक संगणक बंद पडला तर शेजारच्या टेबलावर दुसरा असतो. आमच्या वाशीम जिल्ह्याची गोष्ट निराळी. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. सोयाबीन आणि तुरीचा मुलूख. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांना 'आकांक्षित' असे गोड नाव दिले, तेव्हा महाराष्ट्रातल्या चार नावांत नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबादबरोबर वाशीमही होते. इथल्या गावात सातबारा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पोराच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविमा हे सारे एका सेवा केंद्रातल्या एका टेबलावरच्या एका संगणकातून जाते. पेरणी आटोपली की विम्याची मुदत संपत आलेली असते. केंद्राबाहेर चपलांची रांग लागते. अशा दिवशी यंत्र उठले नाही तर तारीख काही थांबत नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी, पावसाळ्यातच, मी एका केंद्रावर सातबाऱ्याचा उतारा घ्यायला गेलो होतो. वीज येऊन-जाऊन होती. एकदा गेली, परत आली आणि संगणक पुन्हा सुरू करताना पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत उमटले : 'रिमूव्ह डिस्क्स ऑर अदर मीडिया. प्रेस एनी की टु रिस्टार्ट.' केंद्र चालवणारा मुलगा अर्ज भरण्यात तरबेज. पण या ओळींपुढे तो थबकला. बाकावरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले, "काऊन रे भाऊ, हे काय म्हनून राह्यलं?"

"काका, खराब झालं म्हनते."

त्याने कळ दाबली, तीच ओळ परत आली. पुन्हा दाबली, पुन्हा तीच. दुरुस्तीवाल्याला फोन लावला. पलीकडून ठरलेले उत्तर आले : घेऊन ये, फॉरमॅट मारावं लागेल. मुलाने निघण्याच्या तयारीत पुढे लावलेला आपला पेनड्राइव्ह उपटून खिशात टाकला आणि जाता जाता एकदा बटण दाबून पाहिले. संगणक मुकाट सुरू झाला. यंत्र आपल्या डिस्कऐवजी आधी त्या पेनड्राइव्हकडे पाहत होते, आणि त्यात सुरू होण्याजोगे काही नव्हते. एवढेच झाले होते.

त्या चिठ्ठीत उपाय अचूक लिहिलेला होता. 'अदर मीडिया' म्हणजेच तो पेनड्राइव्ह. पण आपल्याकडे मीडिया म्हटले की वर्तमानपत्रे आणि टीव्हीवाले डोळ्यांपुढे येतात. योग्य उपाय पडद्यावर लिहिलेला असूनही खोलीतल्या पंधरा माणसांना त्याचा उपयोग झाला नाही. मुलाने वर्षभराच्या कामाची यंत्रावरची नोंद त्या दिवशी पुसून टाकली असती, ती केवळ योगायोगाने वाचली.

चारशे सेहेचाळीस अक्षरांची जागा

हे असे का झाले, हे समजून घेतले पाहिजे. कारण ज्यांनी या ओळी लिहिल्या ते काही निर्बुद्ध नव्हते.

संगणकाचे उठणे हे बँकेची शाखा उघडण्यासारखे असते. शिपाई आधी शटर उघडतो. मग दिवे, मग स्ट्राँगरूम. तिच्या किल्ल्या दोघांकडे, एक आला नाही तर दार उघडत नाही. मग रोखपालाकडे रोकड, मग काउंटर. प्रत्येकाला आपापल्या पायरीपुरतेच ठाऊक असते. संगणकातही आधी एक छोटा प्रोग्रॅम जागा होऊन मेमरी, कीबोर्ड वगैरे तपासतो. तो डिस्क शोधतो. डिस्कच्या अगदी आरंभी ठेवलेला आणखी एक चिमुकला प्रोग्रॅम मुख्य प्रणालीला हाक मारतो. ती आपले सामान गोळा करते आणि मग कुठे आपल्याला नाव आणि पासवर्ड विचारला जातो. स्ट्राँगरूमची दुसरी किल्ली आली नाही तर दारातला शिपाई एवढेच सांगू शकतो की दार बंद आहे. साहेब आजारी आहेत की बस चुकली, हे त्याला कुठून कळणार?

त्यात जागेची अडचण. १९८३ मध्ये आयबीएमच्या हार्ड डिस्क असलेल्या संगणकासोबत जी पद्धत रूढ झाली, तिच्यात डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या कप्प्यात प्रोग्रॅमसाठी जास्तीत जास्त ४४६ बाइट मिळत. एक बाइट म्हणजे ढोबळमानाने एक इंग्रजी अक्षर. तेवढ्यात प्रोग्रॅमही बसवायचा आणि काही चुकलेच तर सांगायचा मजकूरही. म्हणून 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टीम' अशी तीन शब्दांची बोळवण. आपल्याकडे तार होती तेव्हा शब्दागणिक पैसे पडत, म्हणून 'स्टार्ट इमिजिएटली' एवढ्या दोन शब्दांत घरे हादरत. शुभेच्छांच्या ठरीव वाक्यांना तर नुसते आकडे होते. टंचाईत भाषा अशीच आखडते.

पण जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली आणि संगणकातली टंचाईही कधीच संपली. २०१२ नंतरच्या बहुतेक यंत्रांत सुरुवातीच्या प्रोग्रॅमसाठी डिस्कचा वेगळा भाग राखलेला असतो; विंडोज तो साधारण शंभर एमबीचा करते. म्हणजे जुन्या जागेच्या दोन लाख पटींहून अधिक. आता जागा आहे, रंगीत चित्रे दाखवण्याची सोय आहे, कंपनीचे बोधचिन्ह झोकात झळकते. तारेची भाषा मात्र अजून पुरती गेलेली नाही.

जिथे गेली आहे तिथे दुसरे टोक गाठले गेले. २०१२ मध्ये विंडोज-८ बरोबर निळ्या पडद्यावर उदास चेहरा आला आणि 'तुमच्या यंत्राला अडचण आली आहे, ते पुन्हा सुरू करावे लागेल' अशा अर्थाचे वाक्य आले. सौम्य आहे, सभ्य आहे. पण त्यातून कळते काय? बँकिंगमध्ये 'रेफर टु ड्रॉवर' असा एक जुना शेरा होता. चेक देणाऱ्यालाच विचारा, असा त्याचा अर्थ. कोणाच्या पतीला बट्टा लागू नये आणि बँकेवर बदनामीचा दावा येऊ नये, म्हणून शोधलेली ती पळवाट. ऐकायला मऊ, उपयोगाला शून्य. यंत्राचा उदास चेहरा मला त्याच शेऱ्याचा नातलग वाटतो.

एका शुक्रवारची गोष्ट

१९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने आपल्या प्रोग्रॅमची एक छोटी फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी जगभर पाठवली. तिच्यात दोष होता. १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली गेली. पण त्या ७८ मिनिटांत मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख यंत्रे आडवी झाली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. आपल्या बँका बहुतांशी वाचल्या. दहा बँका आणि वित्तसंस्थांनाच किरकोळ अडथळा आला, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले.

इथे आपल्या विषयाशी संबंध येतो तो पडद्यावरच्या मजकुराचा. यंत्र सांगत होते की अडचण आली आहे, मी पुन्हा सुरू होतो. ते पुन्हा सुरू होई, पुन्हा कोसळे आणि पुन्हा तेच सांगे. खाली बारीक अक्षरांत अडलेल्या फाइलचे नाव होते, म्हणजे दुखणे कुठे आहे हे यंत्राला ठाऊक होते. पण काय करावे, हे त्या पडद्यावर नव्हते. उपाय तसा सोपा होता : यंत्र सुरक्षित पद्धतीने सुरू करून एक विशिष्ट फाइल पुसायची. तो माणसांना एकेका यंत्रापाशी जाऊन करावा लागला आणि त्यात दिवसचे दिवस गेले.

या धड्यानंतर मायक्रोसॉफ्टने काही पावले उचलली, हे नमूद केले पाहिजे. अडलेल्या यंत्राने स्वतःच इंटरनेटवरून उपाय मागवावा, अशी सोय २०२५ मध्ये विंडोज-११ मध्ये आली. त्याच वर्षी निळा पडदा जाऊन काळा आला आणि मजकूर आणखी आटोपशीर झाला. लिनक्स या मुक्त प्रणालीनेही २०२४ च्या अखेरीस कोसळल्यावर क्यूआर चौकट दाखवण्याची सोय केली, जिच्यात त्या बिघाडाचा तपशीलच साठवलेला असतो. विंडोजवर अशी चौकट २०१६ पासून होती, पण ती नेई एका सर्वसाधारण पानावर. तुमचे यंत्र कशाने अडले, हे तिथे नसे.

'फॉरमॅट मारा'

तज्ज्ञांची यंत्रे तज्ज्ञ दुरुस्त करतील. घरातल्या यंत्राचे काय? तालुक्याच्या दुकानात गेले की आधी मेमरीची पट्टी काढून तिचे दात खोडरबराने घासतात. यात हसण्यासारखे काही नाही. धुळीच्या आणि दमट दिवसांत तो उपाय खरोखर लागू पडतो. तारीख जुनी दिसत असेल तर आतला गोल सेल बदलतात. त्याने भागले नाही की मग 'फॉरमॅट', म्हणजे पाटी पुसून कोरी करणे. यंत्र झकास सुरू होते आणि लग्नाचे फोटो, पोरीचा प्रकल्प, सोसायटीचा हिशेब, सारे जाते.

वाईट याचे वाटते की पुष्कळदा ते जायला नको असते. यंत्र उठत नाही याचा अर्थ त्यातला ठेवा बुडाला, असा नव्हे. शाखेचे शटर अडकले म्हणून ठेवी बुडत नाहीत. केबल सैल असेल, पेनड्राइव्ह लावलेला असेल, सुरुवातीचा चिमुकला प्रोग्रॅम बिघडला असेल. फाइल जागच्या जागी असतात. हे एक वाक्य पडद्यावर आले तर किती घरांचे नुकसान टळेल!

मोबाइलवर तर उलटेच आहे. अँड्रॉइड फोन उठला नाही की काही वेळा एक मजकूर येतो : प्रणाली सुरू होत नाही, तुमची माहिती बिघडली असावी; हे पुन्हा पुन्हा आले तर सारी माहिती पुसावी लागेल. खाली दोन पर्याय, 'पुन्हा प्रयत्न' आणि 'फॅक्टरी डेटा रीसेट'. घाबरलेला माणूस दुसऱ्यावर बोट ठेवतो. वहीची पाने फाडण्याची सोय इतकी हाताशी, आणि आधी कोणाला तरी दाखवा, असे सांगणारी ओळ कुठेच नाही.

त्यात आता कुलुपाची भर पडली आहे. २०२४ पासूनच्या नव्या विंडोज-११ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने यंत्र सुरू केले असेल तर, डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद होते. चोरापासून संरक्षण म्हणून हे चांगलेच. पण बिघाडानंतर यंत्र ४८ आकडी किल्ली मागते. ती त्या खात्यात ठेवलेली असते. आणि आपल्याकडे ते खाते अनेकदा दुकानदारानेच घाईघाईत उघडून दिलेले असते. त्या काळ्या पडद्यापुढे बसलेल्या माणसाला, किल्ली नावाची काही चीज आहे, हेच पहिल्यांदा कळते.

मराठीत का नाही?

बँकेत ग्राहकासाठीचे छापील कागद हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक अशा तीन भाषांत असावेत, असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे. मग यंत्राची चिठ्ठी मराठीत का नसावी?

एक अडचण खरी होती. जुन्या पडद्यावर ८० रकाने आणि २५ ओळी, आणि एकूण २५६ चिन्हे. इंग्रजी अक्षरे ओळीने मांडली की झाले. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चाराला मागून येते आणि लिहिताना पुढे बसते. जोडाक्षरे आपले रूप बदलतात. यासाठी अक्षरे जुळवणारा वेगळा प्रोग्रॅम लागतो, आणि यंत्र अर्धे झोपेत असताना तो जागा नसतो. पण या अडचणीवर मात करणारी माणसे आपल्याच पुण्यात होती. सी-डॅकच्या जिस्ट कार्डाने डॉसच्या काळात साध्या संगणकावर देवनागरी आणली, ती कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेल्या कामातून. आज तर अक्षरे जुळवण्याचीही गरज नाही. उठताना येणाऱ्या अडचणींचे ठळक प्रकार मोजके. प्रत्येकाचा मराठी मजकूर चित्र म्हणून तयार ठेवता येईल. जे यंत्र बोधचिन्ह दाखवते, ते हेही दाखवेल.

यावर अभियंते दोन आक्षेप घेतील, आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला, बेशुद्ध पडलेला माणूस आपला आजार सांगू शकत नाही. मान्य, पण शेवटची कोणती पायरी चढलो, हे यंत्र बहुधा सांगू शकते, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणावे. दुसरा, चुकीचा सल्ला हा मौनापेक्षा वाईट. हेही मान्य, म्हणून पहिला उपाय असा द्यावा की ज्याने काही बिघडणार नाही. माझ्या मते चिठ्ठीत चार गोष्टी हव्यात : कुठे अडले, ठेवा सुरक्षित आहे का, आधी काय करावे, आणि कोणाला काय दाखवावे. असे काहीसे :

'यंत्र सुरू झाले, पण प्रणाली असलेली डिस्क सापडली नाही. याचा अर्थ तुमच्या फाइल पुसल्या गेल्या असा होत नाही. आधी पेनड्राइव्ह किंवा बाहेरून जोडलेली डिस्क काढा आणि यंत्र पुन्हा सुरू करा. तरीही हाच मजकूर आला तर या पडद्याचा फोटो काढून जाणकाराला दाखवा. फाइल वाचवता येतील का हे विचारल्याशिवाय डिस्क पुसण्यास संमती देऊ नका.'

खाली अभियंत्यासाठी क्रमांक खुशाल असावा. चेकच्या चिठ्ठीवरही कारणाला क्रमांक असतो. पण कारण शब्दांत लिहायचे कोणी त्यामुळे सोडत नाही.

तोवर आपण

कंपन्या हे करतील तेव्हा करतील. तोवर घरोघरी काही सवयी लावून घेता येतील. यंत्र उठले नाही तर आधी पडद्याचा फोटो काढा. दुरुस्तीवाल्याला 'चालू होत नाही' एवढेच सांगण्यापेक्षा तो शंभर पटींनी उपयोगी. बाहेरून लावलेले सारे काढून एकदा सुरू करून पाहा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. दुकानात 'फॉरमॅट' हा शब्द निघाला की आधी विचारा, फाइल काढून घेता येतील का? महत्त्वाच्या फाइलची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. आणि यंत्र धडधाकट आहे तोवरच ती ४८ आकडी किल्ली शोधून पासबुकाच्या पिशवीत लिहून ठेवा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज-१० चा नेहमीचा मोफत आधार संपला. जुन्या यंत्रांवर नवी प्रणाली चढवण्याचे बेत त्यामुळे अनेक घरांत निघाले आहेत. या धांदलीत तर हे आधी करावे.

मोठी मागणी मात्र सरकारने करायची आहे. शाळा, तहसील, जिल्हा परिषद यांच्यासाठी संगणक विकत घेताना मेमरी किती, डिस्क किती, हमी किती वर्षांची, हे सारे अटींत लिहिले जाते. यंत्र सुरू न झाल्यास त्याची सूचना मराठीत आणि समजेल अशी असावी, ही आणखी एक अट त्यात घालता येईल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला, त्याचा आनंद सर्वांनाच झाला. पण मानोऱ्यातल्या एखाद्या केंद्रात विम्याच्या शेवटच्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या बाईला त्या भाषेचा उपयोग व्हायचा, तर ती त्या टेबलावरच्या पडद्यापर्यंत पोचली पाहिजे. यंत्र धड असताना तर पोचावीच, ते अडेल तेव्हा आधी पोचावी.